बस '४ मिनिटांत' म्हणजे नक्की कधी? बसची वेळ सांगणाऱ्या ॲप्सचा रिव्ह्यू

बसची लाइव्ह वेळ दाखवणाऱ्या ॲप्सचे रिव्ह्यू वाचायला गेलं की डार्क मोड आहे का, जाहिराती किती येतात, विजेट कसं दिसतं एवढंच सापडतं, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो की ॲपने सांगितलेल्या वेळेला बस येते का! म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एका आकड्याचा आहे, रूट नंबरच्या पुढे '४ मि.' असं जे लिहून येतं ना, त्याचा. गुगल मॅप्स, ट्रान्झिट आणि वनबसअवे ही मुख्य तीन नावं, आणि शेवटी शेवटी स्टॉपवरच्या डिजिटल बोर्डाबद्दल थोडं. माझं मत आधीच सांगून टाकते, तिघांकडेही काहीतरी खरंच शिकण्यासारखं आहे, पण आपला आकडा किती खात्रीचा आहे हे प्रवाशाला सांगण्यात सगळेच कमी पडतात आणि माझ्या मते अर्धा मनस्ताप तिथूनच येतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ॲपमधली प्रत्येक वेळ लाइव्ह नसते. काही आकडे बसच्या जीपीएसवरून काढलेले असतात आणि काही सरळ टाइमटेबलमधून उचललेले, म्हणजे बस निघाली की नाही याचा कोणालाच पत्ता नाही, कागदावर ९:१२ लिहिलंय म्हणून ९:१२. ट्रान्झिटमध्ये लाइव्ह आकड्याच्या शेजारी सिग्नलच्या लहरींसारखी छोटी खूण असते, गुगल मॅप्समध्ये लाइव्ह वेळ रंगीत येते, वेळेवर असेल तर हिरवी आणि उशीर असेल तर लाल. खूण नाही, रंग नाही, तर तो आकडा टाइमटेबलचा समजायचा. फरक दाखवलेला आहे, मान्य, पण किती बारीक! भर उन्हात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन धरून ती खूण कोणाला दिसणार? माझ्या आईसारख्या माणसाला तर दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात, आणि बस आली नाही की ती म्हणते ॲपच खोटं बोलतं. मला विचाराल तर टाइमटेबलच्या वेळेपुढे सरळ शब्दात 'टाइमटेबलनुसार' असं लिहायला हवं, जागा लागली तर लागू दे.

हा सगळा डेटा येतो कुठून तेही थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय चूक कोणाची हे कळत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गुगल यांनी मिळून टाइमटेबल एका ठरावीक साच्यात द्यायला सुरुवात केली, साध्या टेक्स्ट फायली, स्टॉप कुठे, रूट कुठला, कुठली फेरी किती वाजता. त्याला जीटीएफएस म्हणतात आणि आज जगभरातल्या वाहतूक संस्था तोच साचा वापरतात. २०११ मध्ये त्याला लाइव्ह भाग जोडला, जीटीएफएस रिअलटाइम, त्यात बस आता कुठे आहे, पुढच्या स्टॉपला कधी पोचेल आणि काही अडचण आहे का अशा तीन प्रकारची माहिती येते. म्हणजे बहुतेक वेळा ॲप स्वतः काहीच मोजत नाही! बस कंपनी जे पाठवते तेच सुंदर करून दाखवतं. त्यामुळे एकाच स्टॉपवर तीन ॲप्स उघडली आणि तिन्हींनी एकच चुकीचा आकडा दाखवला तर त्यात नवल नाही, विहीर एकच आहे.

आता आकडा चुकतो कसा. बसमधलं यंत्र आपली जागा ठरावीक वेळाने पाठवतं, समजा दर ३० सेकंदांनी. मग बस कंपनीचा सर्व्हर त्यावरून अंदाज काढून फीड बनवतो, म्हणजे ॲप्सना द्यायची सतत ताजी होणारी माहिती, या फीडबद्दलची शिफारसच अशी आहे की ते निदान दर ३० सेकंदांनी ताजं व्हावं आणि त्यातली माहिती ९० सेकंदांपेक्षा शिळी नसावी. त्यानंतर ॲप ते फीड आणणार, मग तुमच्या फोनची स्क्रीन बदलणार. सगळं नियमात बसूनसुद्धा तुम्ही बघताय ती बस दीड मिनिटापूर्वीची असू शकते. ताशी २० किलोमीटरने चाललेली बस दीड मिनिटात ५०० मीटर पुढे जाते, म्हणजे मॅपवर मागच्या सिग्नलला दिसणारी बस प्रत्यक्षात तुमच्या समोरून निघून जात असते. जुन्या रेडिओवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये तर बसची जागा मिनिट-दोन मिनिटांनी एकदाच कळायची. त्यामुळे मॅपवर सुळसुळ सरकणारी बस दाखवणारं ॲप जास्त अचूक असेल असं अजिबात समजू नका, दोन जागांच्या मधलं ते सरकणं बऱ्याचदा ॲपने भरून काढलेलं असतं. मला तर 'शेवटचा सिग्नल ४० सेकंदांपूर्वी' असं लिहिणारं ॲप जास्त आवडतं, त्यात दिखावा नाही आणि निर्णय घ्यायला उपयोग होतो.

वनबसअवेबद्दल मला मनापासून बोलायचंय. २००८ मध्ये सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना ब्रायन फेरिस यांनी हे सुरू केलं, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणतीही संस्था ते घेऊन आपल्या गावात चालवू शकते, न्यूयॉर्कची बसची वेळ सांगणारी सेवा, एमटीए बस टाइम, याच पायावर उभी राहिली. दिसायला साधं आहे, गुळगुळीत ॲनिमेशन वगैरे काही नाही. पण त्यांचे रंग बघा. वेळेवर असलेली बस हिरवी, उशिरा येणारी निळी, आणि लाल रंग कोणाला? लवकर येणाऱ्या बसला! बाकी सगळीकडे लाल म्हणजे उशीर, आणि इथे लाल म्हणजे बस वेळेच्या आधी धावतेय, पळा. ज्याने हे ठरवलं तो नक्की स्टॉपवर उभा राहणारा माणूस असणार.

कारण हिशोब करून बघा ना. दर २० मिनिटांनी बस असलेल्या रूटवर ॲप म्हणालं ६ मिनिटं, आणि बस आली आठव्या मिनिटाला, तर तुमची २ मिनिटं गेली, जरा चिडचिड झाली, संपलं. तीच बस चौथ्या मिनिटाला आली आणि तुम्ही पाचव्या मिनिटाला स्टॉपवर पोचलात तर पुढची वीस मिनिटं तिथेच. दोन्हीकडे चूक दोनच मिनिटांची, पण एकीची किंमत दुसरीच्या दहापट. ज्यांना पुढे ट्रेन पकडायची असते, पोराला शाळेतून आणायचं असतं, किंवा ज्यांची रात्रीची शेवटची बस असते त्यांच्यासाठी तर विषयच संपतो. म्हणून अचूकता म्हणजे नुसती सरासरी चूक किती असं मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बोस्टनच्या एमबीटीए या वाहतूक संस्थेची मोजण्याची पद्धत मला पटते, तिथे अंदाज बरोबर धरायची मर्यादा अंतराप्रमाणे बदलते. बस ० ते ३ मिनिटांवर असेल तर एक मिनिट इकडे किंवा तिकडे चालेल, १२ ते ३० मिनिटांवर असेल तर ४ मिनिटं लवकर किंवा ६ मिनिटं उशीर चालेल. बघा, लांबच्या अंदाजाला सूट जास्त, आणि लवकर येण्याला उशिरापेक्षा सूट कमी. प्रत्येक बस कंपनीने असं मोजून दर महिन्याला जाहीर करावं, आणि ॲपवाल्यांनी तो निकाल रूटच्या पानावर लावावा, 'या रूटचे अंदाज इतके टक्के वेळा बरोबर येतात'. हॉटेलला स्टार असतात तर बसच्या वेळेला का नकोत?

पण खरी गडबड रस्त्यावर होतच नाही, ती होते जिथून बस सुटते तिथे. बस एकदा रस्त्याला लागली की पुढच्या दहा मिनिटांचा अंदाज आजची यंत्रणा बऱ्यापैकी बरोबर सांगते. सुटायच्या आधी मात्र बस टर्मिनसला इंजिन बंद करून उभी असते, ड्रायव्हर चहाला किंवा बाथरूमला गेलेला असतो (तो त्याचा हक्कच आहे), आधीची फेरी उशिरा आली तर ही पण उशिरा सुटणार, आणि सॉफ्टवेअर बिचारं धरून चालतं की बस टाइमटेबलप्रमाणेच सुटेल. म्हणून मग तो ओळखीचा प्रकार, ॲपवर ७ मिनिटं, थोड्या वेळाने पुन्हा ७ मिनिटं, अजून थोड्या वेळाने ८! टर्मिनसपासून पहिल्या तीन-चार स्टॉपवर राहणाऱ्या लोकांना हे रोजचं आहे. यावर उपाय नाहीये असं नाही, हीच गाडी आणि हाच ड्रायव्हर आधीच्या कोणत्या फेरीवर आहे हे सिस्टिमला माहीत असतं, ती फेरी १० मिनिटं उशिरा चाललीये आणि मध्ये विश्रांती फक्त ५ मिनिटांची आहे तर पुढची फेरी वेळेवर सुटूच शकत नाही हे आधीच कळतं. फक्त त्या दोन फेऱ्या एकमेकींना जोडून हिशोब करायला हवा, आणि ड्रायव्हरने ड्यूटीवर येताना यंत्रात बरोबर रूट आणि फेरी टाकायला हवी. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. चुकीची फेरी टाकली की चालती बोलती बस ॲपवरून गायब.

आणि याच्या उलट म्हणजे घोस्ट बस, ॲपवर आहे आणि रस्त्यावर नाही. १० मिनिटं, ५ मिनिटं, २ मिनिटं, 'येत आहे', आणि मग ओळच नाहीशी होते, जणू कधी नव्हतीच. माझ्या नेहमीच्या रूटवर हे इतक्या वेळा झालंय की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईने पण मला विचारलं, तुमचीही बस ॲपवरून गायब झाली का? कारण अगदी साधं असतं, ड्रायव्हर कमी पडले किंवा गाडी बंद पडली म्हणून फेरी रद्द झाली, डेपोत सगळ्यांना माहीत, पण फीडमध्ये 'रद्द' अशी नोंद कोणी केलीच नाही. फीडच्या साच्यात फेरी रद्द झाल्याचं सांगायची सोय आहे, फक्त कोणीतरी ते बटण दाबायला हवं किंवा ड्यूटीचा तक्ता आणि फीड एकमेकांना जोडायला हवेत. जो अंदाज मोजणारा रिपोर्ट न आलेल्या बस हिशोबात धरतच नाही तो रिपोर्ट कितीही चांगला आकडा दाखवू दे, मी मानणार नाही. न आलेली बस ही सगळ्यात मोठी चूक आहे.

गुगल मॅप्सचं कौतुक एका वेगळ्या कारणासाठी. जिथे बस कंपनी लाइव्ह डेटा देतच नाही तिथे काय करायचं? २०१९ मध्ये गुगलने रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगावरून बसला किती उशीर होईल याचा अंदाज जगातल्या शेकडो शहरांत द्यायला सुरुवात केली. ऐकायला सोपं वाटतं, कार हळू तर बस हळू, पण तसं नसतं, बस स्टॉपवर थांबते, लोक चढतात उतरतात, परत ट्रॅफिकमध्ये घुसायला वेळ जातो, कुठे बसची स्वतंत्र लेन असते तर तिथे बस कारच्या पुढे निघते. म्हणून त्यांनी प्रवासाचे तुकडे केले, रस्त्याचा तुकडा वेगळा आणि स्टॉपवरचं थांबणं वेगळं, आणि प्रत्येकाचा वेळ मशीन लर्निंगने शिकवला. जिथे काहीच नव्हतं तिथे हे खूप आहे. मर्यादा पण लक्षात ठेवायची, ट्रॅफिकवरून उशीर कळतो, पण ती बस आज डेपोतून निघालीच नाही हे ट्रॅफिकवरून कसं कळणार?

इथे ट्रान्झिटचा 'गो' हा प्रकार मला फार आवडतो. माँट्रियलच्या लोकांनी बनवलेलं हे ॲप, उघडल्या उघडल्या काहीही न दाबता आसपासचे सगळे रूट मोठ्या अक्षरात आणि भडक रंगात समोर येतात, घाईच्या वेळी हेच लागतं. 'गो' चालू केलंत की घरून कधी निघायचं, कुठे उतरायचं हे ते सांगत राहतं, आणि तुम्ही बसमध्ये बसलात की तुमच्या फोनची जागा बसची जागा म्हणून पुढच्या स्टॉपवरच्या लोकांना दाखवली जाते. बसमधलं यंत्र बंद असलं तरी आत बसलेल्या एका प्रवाशामुळे पुढे थांबलेल्या सगळ्यांना खरी वेळ मिळते. बॅटरी खातं, हो, आणि ज्या रूटवर ॲप वापरणारे लोकच कमी तिथे फायदा नाही. तरी मी लांबच्या प्रवासात आवर्जून चालू ठेवते, कोणीतरी पावसात उभं असेल त्याला उपयोग होईल म्हणून.

एक गोष्ट ॲपच्या हातात नाही तरी बोलते. दोन बस एकापाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ काहीच नाही, हा अनुभव सगळ्यांचा. दर १० मिनिटांनी बस अगदी नेमकी येत असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. पण अंतर एकदा २ आणि एकदा १८ मिनिटं असं झालं, तर तासाला बस तेवढ्याच येऊनही सरासरी थांबणं ८ मिनिटांच्या वर जातं, कारण जास्त लोक त्या १८ मिनिटांच्या पोकळीतच स्टॉपवर येतात. अशा वेळी चांगलं ॲप काय करू शकतं? पुढची आणि तिच्या मागची अशा दोन्ही बस एकदम दाखवू शकतं. पहिली ठासून भरलेली आहे आणि दुसरी २ मिनिटांवर रिकामी येतेय हे दिसलं तर निम्मे लोक आपणहून थांबतील, आणि पुढची बस पण थोडी सुटसुटीत होऊन पुढे सरकेल. ज्या ॲपमध्ये फक्त एकच पुढची वेळ दिसते ते मी फोनवर ठेवत नाही.

आता माझी मुख्य तक्रार. सगळे आकडे सारख्याच आत्मविश्वासाने का दाखवता? दोन स्टॉप मागे असलेल्या बसची '४ मिनिटं' आणि टर्मिनसला अजून न सुटलेल्या बसची '१४ मिनिटं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि स्क्रीनवर दोन्ही एकाच ठळक अक्षरात. फीडच्या साच्यात प्रत्येक अंदाजासोबत 'हा अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो' हे लिहायला चक्क वेगळी जागा ठेवलेली आहे! बस कंपनीने ती भरावी आणि ॲपने ती दाखवावी, '१२ ते १७ मिनिटं' असं लिहावं. लोकांना असली माहिती झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर तयार आहे, २०१६ आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बस येण्याच्या शक्यता छोट्या छोट्या ठिपक्यांनी दाखवून बघितल्या, आणि असं चित्र बघून घरून कधी निघायचं हे लोकांनी जास्त चांगलं ठरवलं, सरावाने अजून सुधारले. सामान्य माणसाला शक्यता चांगली कळते, शेतकरी पावसाचा अंदाज घेऊनच पेरतो ना.

आणि हा काही हौशी लोकांचा विषय नाही. सिएटलमध्येच २०११ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की लाइव्ह वेळ न बघणाऱ्यांना आपण खरं थांबलो त्यापेक्षा जास्त थांबलो असं वाटतं, बघणाऱ्यांना तसं वाटत नाही, शिवाय ते प्रत्यक्षात पण जवळजवळ २ मिनिटं कमी थांबतात. न्यूयॉर्कमध्ये लाइव्ह माहिती सुरू झाल्यावर रूटवरचे प्रवासी थोडे वाढल्याचंही अभ्यासात निघालं. एकही नवीन बस न घेता एवढं होतंय तर डेटावर माणसं आणि पैसे खर्च करायला हात आखडता का घ्यायचा, मला खरंच समजत नाही.

स्टॉपवरच्या बोर्डाबद्दल. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, डेटा संपलाय किंवा डोळ्याला कमी दिसतं त्यांच्यासाठी बोर्ड हाच आधार, म्हणून तो बंद पडला की मला ॲप बंद पडण्यापेक्षा जास्त राग येतो. बटण दाबलं की वेळ बोलून सांगणारा बोर्ड सगळ्यात उत्तम. 'बस येत आहे' हे मात्र कृपया बस खरंच दिसायला लागल्यावरच लिहा, सिग्नलच्या पलीकडे अडकलेली बस येत नसते. आणि फीड तुटलं असेल तर जुना आकडा गोठवून ठेवू नका, 'लाइव्ह माहिती सध्या नाही' एवढं लिहा, कोणी रागावणार नाही.

माझे मार्क असे. रोजचा ठरलेला रूट असेल आणि पटकन बघायचं असेल तर ट्रान्झिट, ५ पैकी ४. अनोळखी ठिकाणी, किंवा जिथे बस कंपनीचा लाइव्ह डेटाच नाही तिथे गुगल मॅप्स, साडेतीन, अर्धा मार्क टाइमटेबल आणि लाइव्ह यांतला फरक इतका बारीक ठेवल्याबद्दल कापला. वनबसअवे तुमच्या गावात चालू असेल तर नक्की टाका, लाल रंगासाठी साडेचार, आणि तुम्ही वाहतूक संस्थेत कामाला असाल तर तिथल्या लोकांना ते दाखवा, फुकट आणि ओपन सोर्स आहे.

चूक दिसली तर 'बकवास ॲप' असा एक स्टार देऊन थांबू नका, त्याने कोणालाच काही शोधता येत नाही. रूट नंबर, स्टॉपचं नाव, दिशा, ॲपवर काय दिसत होतं आणि बस खरी किती वाजता आली, एवढं लिहून स्क्रीनशॉट जोडा, आणि तो ॲपवाल्यांबरोबर बस कंपनीलाही पाठवा, कारण तिन्ही ॲप्सवर एकच चूक दिसत असेल तर दुरुस्ती त्यांच्याकडेच व्हायची असते.